प्रकल्प नोंदी: यंदाच्या दिवाळीचा किल्ला म्हणून एलिस काऊंटीचं कोर्टहाऊस

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल बाप्पा गेले. आज सकाळी मखराचे फोमबोर्ड गॅरेजमध्ये रचत होतो तेवढ्यात मनू येऊन विचारते, बाबा यंदा किल्ला कोणता. दोन वर्षं राजगड झाला, गेल्या वर्षी सिंधुदुर्ग केला तर समुद्र म्हणून ठेवलेला टब गळला आणि भाऊबीजेपर्यंत पॅटिओत चिखल. यंदा तिची चौथी. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असतात तसा इथे चौथीला टेक्ससचा इतिहास असतो, आणि तिच्या वर्गात प्रत्येकाने एक काऊंटी घेऊन काहीतरी बनवून आणायचंय, राज्यात २५४ काऊंट्या आहेत म्हणजे दोघांना एकच नको असली तरी भांडायचं कारण नाही. म्हटलं एकाच चिखलात दोन्ही कामं उरकू. किल्ल्याच्या जागी आख्खी काऊंटी करायची, मधोमध कोर्टहाऊस.

काऊंटी ठरली एलिस, तिचं मुख्य गाव वॉक्साहॅची, डॅलसपासून दक्षिणेला तीसेक मैलांवर. कारणं दोन. एक म्हणजे ते कोर्टहाऊस टेक्ससमधल्या सगळ्यात देखण्या कोर्टहाऊसेसमध्ये धरतात, दुसरं म्हणजे माझा नागपूरचा मित्र तिथेच घर घेऊन राहतो म्हणजे माती फुकट.

संध्याकाळी यवतमाळला फोन. माझे बाबा म्हणे, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आन् तू तं कोर्टच घरी आणून ठेवून राहिला."

१० सप्टेंबर, बुधवार

रात्री जेवण झाल्यावर दोघं मिळून वाचायला बसलो, म्हणजे मी वाचतो आणि ती वहीत चित्रं काढते.

आधी तिला काऊंटी म्हणजे काय ते सांगायला गेलो आणि मीच अडकलो. जिल्हा म्हणावं तर आकार दोन-तीन तालुक्यांएवढाच, एलिस काऊंटी साधारण २,४६५ चौरस किलोमीटर आणि आपला यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजारांच्या वर. बरं काऊंटीचा कारभार चालवतं त्याचं नाव कमिशनर्स कोर्ट, त्यात चार कमिशनर आणि वर एक काऊंटी जज, सगळे निवडून आलेले, आणि हा जज मुख्यतः बजेट, रस्ते, पूर आला तर काय करायचं हे बघतो, तो वकील असलाच पाहिजे असंही नाही. म्हणजे कलेक्टर आणि झेडपी अध्यक्ष यांचं काहीतरी मिश्रण, वर नाव जज. जमिनीचे कागद, लग्नाचं लायसन, टॅक्स, खटले असं सगळं पूर्वी या एकाच इमारतीत असायचं. तहसील, रजिस्ट्रार ऑफिस आणि सेशन कोर्ट एकाच छपराखाली घातलं आणि त्याला घड्याळाचा टॉवर लावला की झालं काऊंटी कोर्टहाऊस. गावाच्या मधोमध चौक, चौकात ते, चारी बाजूंनी दुकानं.

इतिहास थोडक्यात. २० डिसेंबर १८४९ ला नव्हारो काऊंटीतून तुकडा तोडून एलिस केली. नाव रिचर्ड एलिसचं, १८३६ मध्ये टेक्ससने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं त्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष. १८५० ला वॉक्साहॅची मुख्य गाव झालं, जागा एमरी रॉजर्स नावाच्या सुरुवातीच्या रहिवाशाने दिली. वॉक्साहॅची या नावाचा अर्थ गायीचा ओढा किंवा बायसनचा ओढा असा सांगतात, पण मूळ भाषा कोणती यावरच एकमत नाही. मनूला ते नाव इतकं आवडलं की झोपेपर्यंत वॉक्साहॅची वॉक्साहॅची चाललं होतं.

१८६० ला काऊंटीत पाचेक हजार लोक, त्यात हजारावर गुलाम. हे तिच्या वहीत लिहायचं का यावर घरात थोडी चर्चा झाली. बायको म्हणाली लिहायचं. लिहिलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

जाऊन आलो. पस्तीस ईस्ट हायवे धरून सरळ खाली, डॅलसचे पूल संपले की सपाट मोकळं रान आणि मग लांबूनच टॉवर दिसतो. शनिवार म्हणून ऑफिसं बंद, बाहेरूनच बघितलं, पण बाहेरूनच दोन तास गेले.

फोटोत कळत नाही ते हे की दगड दोन रंगांचे आहेत आणि दोघांचा पोत वेगळा. खाली गुलाबी ग्रॅनाइट, खडबडीत, हात फिरवला तर ओरखडेल असा, वर लाल वालुकाश्म, आणि मध्ये मध्ये पट्टे, कमानी, छोटे छोटे खांब, कोपऱ्यांवर गोल बुरूज. मनू म्हणाली हा तर किल्लाच आहे, मुद्दाम वेगळा करायची काय गरज. या शैलीला रोमनेस्क रिव्हायव्हल म्हणतात, बोस्टनकडचा आर्किटेक्ट रिचर्डसन, त्याने ती अमेरिकेत इतकी गाजवली की त्याच्या मागे सगळीकडे तेच. इथला आर्किटेक्ट जेम्स रायली गॉर्डन, सॅन अँटोनियोचा. कोनशिला ४ जुलै १८९५, काम पुरं १८९७. या गड्याने टेक्ससमध्ये डझनभर तरी कोर्टहाऊसेस केली आणि डिकेटरला वाइज काऊंटीचं जे आहे ते याचंच जुळं भावंड शोभेल असं, म्हणजे एक नकाशा दोन गिऱ्हाइकांना विकायची कला जुनी आहे.

पण डोकं मात्र होतं त्याला. प्लॅन वरून बघितला तर अधिकचं चिन्ह, आणि अधिकच्या चार काखांमध्ये चार व्हरांडे, म्हणजे दार कोपऱ्यातून. आत मधोमध जिना आणि जिन्यावर पोकळ टॉवर थेट वर. एसी नव्हता, टेक्ससचा ऑगस्ट होता, तर गरम हवा टॉवरमधून वर निघून जायची आणि सावलीतल्या कोपऱ्यांतून गार हवा आत ओढली जायची. आपल्या वाड्यातला चौक काय करतो तेच की.

आता चेहरे. व्हरांड्यांच्या खांबांवर, पानाफुलांच्या नक्षीत माणसांचे चेहरे कोरलेत. एक छान बाई आहे, केस वळवलेले. पुढच्या खांबावर जरा वैतागलेली. मग एकाचे दात बाहेर, एकाचं नाक पसरलेलं, एक तर थेट आपल्या दारावरच्या नजर लागू नये म्हणून लावतात त्या राक्षसासारखा. गावात गोष्ट सांगतात की हॅरी हर्ली नावाचा पाथरवट इथे कामाला आला, ज्या घरी राहायचा तिथल्या मेबल फ्रेम नावाच्या मुलीवर भाळला, आधी तिचा सुंदर चेहरा कोरला, तिने नाही म्हटल्यावर त्याच चेहऱ्याला कुरूप करत गेला. इतिहासकार हे मानत नाहीत, या शैलीतल्या इमारतींवर असले विचित्र चेहरे असायचेच आणि कोरणारे हातही एकापेक्षा जास्त. मलाही गोष्ट पटत नाही, एवढं मोठं टेंडरचं काम, रोजच्या रोज बघणारा मुकादम, आणि एक माणूस आपला प्रेमभंग खांबाखांबावर कोरतोय आणि कोणी काही म्हणत नाही? पण मनू चारही कोपरे फिरून "ही अजून हो म्हणाली नव्हती, इथे नाही म्हणाली" असं ठरवत होती, तिला कशाला सांगा.

आवारात कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या, गुलामगिरीवाल्या बाजूच्या सैनिकाचा पुतळा आहे. वहीतलं ते वाक्य तिला आठवलं, तिनेच विचारलं की हा कुणाच्या बाजूने होता. सांगितलं.

येताना मित्राकडे. दोन पाच गॅलनच्या बादल्या भरून माती. त्याच्या बॅकयार्डात फावडं मारलं आणि मी क्षणभर थांबलोच, कारण ती माती मला ओळखीची होती. काळी, चिकट, फावड्याला लागली की निघत नाही, बुटाला लागली की बूट जड. वासपण तोच. मित्र म्हणाला, "काय पाहून राहिला बे, आपल्याकडचीच आहे, व्हिसावर आली."

१४ सप्टेंबर, रविवार

त्या मातीवरच आजचा दिवस गेला. या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, मातीच्या एका प्रकाराचं नाव ह्यूस्टन ब्लॅक. आपली रेगूर बेसाल्टपासून झालेली, ही समुद्राच्या तळाशी साठलेल्या चुनखडी आणि मार्ल (चुना मिसळलेली चिकणमाती) यांपासून, म्हणजे आईबाप वेगळे, पण स्वभाव हुबेहूब: पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा. मृदाशास्त्रात दोघी एकाच गटात, व्हर्टिसोल.

मित्राच्या घराची गोष्ट इथेच लिहून ठेवतो. घर घेऊन चार वर्षं, दोन वर्षांपूर्वी बेडरूमचं दार लागेना, मग खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर, माणूस बोलावला तर म्हणे फाउंडेशन एका बाजूने बसलंय. घर ज्याने बांधलं त्याने हात वर केले, वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की मालकाने फाउंडेशनला पाणी घालायला हवं. मला वाटलं मित्र चेष्टा करतोय. पण इकडे खरंच घालतात, घराभोवती झिरपणारा पाइप पुरून ठेवतात आणि उन्हाळ्यात झाडांना द्यावं तसं घराला पाणी देतात, जेणेकरून खालची माती सगळीकडे सारखी ओली राहील. बाबांना सांगितलं तर ते पाच मिनिटं हसत होते.

मग म्हणाले, आपले म्हातारे येडे होते काय, काळीत पीक आन् पांढरीत घर. खरंय. गावठाणाला पांढरी म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकत आलो पण त्यात बांधकामाचा हिशोब आहे हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आणि गंमत म्हणजे एलिस काऊंटीत पांढरीपण आहे. पश्चिमेला, मिडलोथियनच्या बाजूला, ऑस्टिन चॉक नावाचा पांढरा मऊ चुनखडक वर येतो, त्याचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, आणि तिथून पूर्वेकडे सगळा उतार काळ्या मातीचा, शेवटी ट्रिनिटी नदी, ती पूर्वेची हद्द. मिडलोथियनला सिमेंटचे कारखाने आहेत ते त्या चुनखडकामुळेच. म्हणजे बोर्डावर डावीकडे पांढरं, मध्ये काळं, उजवीकडे निळं. नकाशा ठरला.

२० सप्टेंबर, शनिवार

चार बाय चार फुटांचा प्लायवूड कापून आणला. काऊंटीची एक बाजू साधारण पन्नास किलोमीटर धरली तर बोर्डावर एक सेंटिमीटर म्हणजे चारशेदहा मीटरच्या आसपास. या हिशोबाने कोर्टहाऊस मोहरीच्या दाण्याएवढं येतं. मनूने नापसंती व्यक्त केली. कोर्टहाऊस दीड फूट रुंद करायचं ठरलं, स्केल गेलं उडत, किल्ल्यावर मावळा तरी कुठे स्केलमध्ये असतो, बुरुजापेक्षा उंच असतो.

चिखल कालवला, एक इंचाचा थर दिला, वरून हाताने सारवला. मस्त दिसत होतं. मधोमध फोमबोर्डचा सांगाडा दाबून बसवला. गॅरेजचं दार उघडं ठेवून झोपायला गेलो, लवकर वाळेल म्हणून.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आणि काऊंटी फुटली.

ऑफिसातून आलो तर बोर्डावर भेगांचं जाळं, काही बोटभर रुंद, आणि आकसताना चिखलाने सांगाड्याची एक बाजू ओढून घेतलेली, टॉवर पिसाच्या मनोऱ्यासारखा ईशान्येला कललेला. मनू रडवेली. मी फोटो काढून मित्राला पाठवला, त्याचं उत्तर: वॉरंटी क्लेम कर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाबांना व्हिडिओ कॉल, फोन बोर्डावर धरून. बाबा चष्मा कपाळावर नेऊन नीट बघतात. "काऊन रे, नुसती काळीच घातली? कुटार कुठं आहे त्यात?" कुटार नाही बाबा. "मुरूम?" मुरूम नाही. "मंग फुटन नाही तं काय होईन?" मग आईने फोन घेतला आणि शेण कुठे मिळेल तिकडे हे विचारलं.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवसांचं काम, पण झालं. सगळा चिखल उकरला, भिजवला, त्यात कुटाराऐवजी पाळीव प्राण्यांच्या दुकानात सशांसाठी मिळतं ते वाळलं गवत कात्रीने बारीक करून, आणि एक तृतीयांश वाळू. थर एका इंचाऐवजी अर्ध्या अर्ध्या इंचाचे तीन, मधला अर्धा वाळला की वरचा. वर ओलं गोणपाट झाकलं, म्हणजे जुना टॉवेल.

कोर्टहाऊसखाली मात्र वेगळं केलं. इथले लोक मोठं काही बांधायचं तर काळ्या मातीच्या भरवशावर ठेवत नाहीत, खाली घट्ट थर लागेपर्यंत भोकं पाडून काँक्रीटचे पिअर म्हणजे खांब उतरवतात आणि इमारत त्यांच्यावर तोलतात. आम्ही कबाबच्या बांबूच्या सोळा काड्या चिखलातून खाली प्लायवूडपर्यंत ठोकल्या, गरम ग्लूने चिकटवल्या आणि सांगाडा त्या काड्यांच्या डोक्यावर, चिखलापासून पाव इंच वर. आता खालची माती फुगो की आकसो, कोर्टाला त्याचं काही नाही. मनूने हे वर्गात समजावून सांगायची तीनदा प्रॅक्टिस केली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं म्हणून इथे आपट्याची पानं कुठली, कागदाची कापून दिली. हातोडी, ग्लू गन आणि कटिंग मॅटची पूजा.

रात्री रंग. लाल दगडासाठी तयार रंग कुठलाच पटेना, विटेचा होतो नाहीतर टोमॅटोचा. शेवटी बायकोने दिवाळीच्या रांगोळीसाठी आणलेला गेरू काढला, फेव्हिकॉल आणि थोडं पाणी, आणि तो बरोब्बर बसला, वर जाड मीठ भुरभुरलं की दगडाचा खरबरीतपणा येतो. ग्रॅनाइटसाठी गुलाबी रांगोळी. म्हणजे आमचं कोर्टहाऊस गेरू-रांगोळीचं आहे, पाया कबाबच्या काड्यांचा.

खरं सामानही बाहेरचंच होतं. काळ्या मातीच्या पट्ट्यात बांधायला दगडच नाही, पश्चिमेचा चॉक इतका मऊ की नखाने कोरावा. लाल वालुकाश्म आला पार पश्चिम टेक्ससमधून, पेकोस नदीच्या बाजूने, आणि गुलाबी ग्रॅनाइट बर्नेट काऊंटीतून, ऑस्टिनच्या विधानभवनाला जो वापरला त्याच भागातला. शेकडो मैलांवरून दगड आणायचा तर रेल्वे पाहिजे आणि पैसा पाहिजे, आणि १८९५ ला या लोकांकडे दोन्ही होतं, कारण कापूस.

५ ऑक्टोबर, रविवार

कापसाचा भाग. हा मला जरा जास्तच लिहावासा वाटतोय, यवतमाळचा आहे, चालवून घ्या.

१८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध. दक्षिणेची बंदरं बंद, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी, आणि भाव चढले कुठे तर वऱ्हाडात. आमच्या पणजोबांच्या पिढीने काळी मोडून पऱ्हाटी लावली, खामगावला कापसाची बाजारपेठ फुलली, १८७० ला खामगावला जलंबहून रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. युद्ध संपलं, इकडचा माल परत सुरू झाला, भाव पडले, आणि जे व्हायचं ते झालं.

आणि त्याच सुमाराला इकडे, त्याच जातीच्या मातीवर, उलटी बाजू चालू. आधी ही काळी जमीन कुणाला नकोच होती, गवताच्या मुळांनी बांधलेली, लाकडी नांगराला न फुटणारी, पावसात गाडीची चाकं आत. पोलादी नांगर आले, रेल्वे आली. ह्यूस्टनहून येणारी मोठी लाइन काऊंटीच्या पूर्वेकडून गेली आणि १८७२ ला एनिस गाव वसलं, वॉक्साहॅची राहिलं बाजूला. मग गावकऱ्यांनी खटपट करून १८७९ ला बारा मैलांचा फाटा ओढून घेतला, वॉक्साहॅची टॅप म्हणून. मला वाचताना आमची शकुंतला आठवली, मूर्तिजापूरहून यवतमाळला यायची ती, तिचाही जन्म गठाणी वाहायलाच.

१८८१ ला टेक्ससने कायदा केला की काऊंट्यांना कोर्टहाऊससाठी कर्जरोखे काढता येतील, आणि पुढची वीस वर्षं सगळ्या राज्यात कोर्टहाऊसेसची चढाओढ लागली, शेजारच्या काऊंटीपेक्षा आपला टॉवर उंच पाहिजे. एलिस काऊंटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात सगळ्यात जास्त कापूस पिकवणाऱ्या काऊंट्यांमध्ये होती. त्यातली कितीतरी शेती बटाईने, गोरे आणि काळे दोन्ही बटाईदार, पेरायच्या आधीच दुकानदाराच्या वहीत नाव. पुढे बोंड पोखरणारा भुंगा आला, १९२० च्या दशकात भाव कोसळले, मग महामंदी. हे सगळं मी वाचतोय आणि मला एकही ओळ नवीन वाटत नाहीये.

बोर्डावर: रेल्वे म्हणजे आईस्क्रीमच्या काड्यांचे रूळ. कापूस म्हणजे देव्हाऱ्यातल्या वातीचा कापूस, चिमटीने तोडून काळ्या भागात चिकटवला. मनूने एनिसच्या बाजूला निळ्या टिकल्या लावल्या, ते ब्लूबॉनेट, वसंतात तिथे त्या फुलांचे गालिचे असतात आणि राज्याने एनिसला ब्लूबॉनेटचं अधिकृत शहर म्हणून जाहीर केलंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज माझा लाडका भाग, बोगदा.

या काऊंटीत जगातला सगळ्यात मोठा कण-त्वरक, म्हणजे अणूतले कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र, व्हायचा होता, सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर. १९८८ ला जागा निवडली, वॉक्साहॅचीला वेढा घालणारं ८७ किलोमीटरचं भुयारी कडं, जिनिव्हाच्या एलएचसी त्वरकाचं २७ आहे म्हणजे तिप्पटीहून मोठं. जागेच्या निवडीमागचं एक मोठं कारण तोच ऑस्टिन चॉक. मऊ, एकसंध, न हलणारा, मशीनने लोण्यासारखा कापता येणारा. वर फुगणारी काळी आणि तिच्याखाली गपगुमान बसलेली पांढरी. सुमारे २३ किलोमीटर बोगदा खोदून झाला, सतरा विहिरी खाली उतरल्या, दोनेक अब्ज डॉलर गेले, आणि खर्चाचा अंदाज वाढत वाढत गेला तशी ऑक्टोबर १९९३ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, योजनाच बंद केली. खाली जे खोदलं होतं ते तसंच सोडून वरून विहिरी बुजवल्या.

मांडव घालून झाल्यावर लग्न मोडावं तसं. गावातल्या लोकांनी जमिनी दिल्या होत्या, घरं सोडली होती, शास्त्रज्ञ कुटुंबं घेऊन येऊन राहिले होते.

आमच्या स्केलवर कडं साधारण दोन मीटरचं येतं. तेवढी एलईडीची तार कोर्टहाऊसभोवती पुरली आणि पाऊणपेक्षा थोड्या कमी भागावर काळी टेप गुंडाळली, म्हणजे दिवा लावला की जेवढा बोगदा खरंच खोदला तेवढाच कमानीसारखा उजळतो. मनू म्हणाली बाकीची टेप काढ ना, पूर्ण गोल छान दिसेल. म्हटलं काँग्रेसला विचार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हळीव आणि मोहरी पेरली. काळ्या भागात हळीव, पांढऱ्या कड्यावर काही नाही. टॉवरवर मनूच्या जुन्या घड्याळाची तबकडी, खरं तर चारही बाजूंना पाहिजेत, तीन कागदाच्या केल्या. तिन्हींत वेगळी वेळ, हे नंतर लक्षात आलं, राहू दे.

चेहरे पॉलिमर क्लेचे, तिनेच केले, आठ. पहिला आई. शेवटचा, दात बाहेर आलेला, मी.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

मोठा पेच. महाराज कुठे?

आई फोनवर ठाम, किल्ला आहे तर महाराज पाहिजेत, सिंहासनावर पाहिजेत, उंचावर पाहिजेत. मनूचं म्हणणं कोर्टहाऊसच्या टॉवरवर बसवू. मला ते पटेना, रिचर्ड एलिसची काऊंटी आहे, बरं टॉवरचा कळस अणकुचीदार. बायको म्हणाली, अरे पश्चिमेला एवढा कडा केलाय पांढऱ्या खडकाचा, त्यावर बसवा की. आणि खरंच, सह्याद्रीचा कडापण पश्चिमेकडेच तोंड करून उभा असतो. मिडलोथियनच्या जरा वर, सिमेंट कारखान्याच्या चिमणीपासून हातभर दूर, प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा गड, त्यावर महाराज. मावळे खाली उतारावर. दोन मावळे कोर्टहाऊसच्या व्हरांड्यात, भाले घेऊन, त्यांना तिथे काय काम आहे विचारलं तर मनू म्हणते जमिनीचा सातबारा काढायला आलेत.

२० ऑक्टोबर, सोमवार, लक्ष्मीपूजन

हळीव चार दिवसांत बोटभर वर आलं. काळ्या मातीचं काम ते, तिला फक्त पाणी पाहिजे. भेगा नाहीत, एक बारीक एनिसच्या बाजूला आहे पण ती टिकल्यांखाली झाकली. टॉवर सरळ. मी लेव्हल लावून बघितलं.

पणत्या लावल्या, गॅरेजचा दिवा बंद केला आणि तार पेटवली. हिरव्या कोंबांच्या बुडाशी पाव वर्तुळ उजेड, मध्ये गेरूचा टॉवर. शेजारचे अमेरिकन आजोबा फराळाला आले होते, ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले त्यांचे वडील एलिस काऊंटीत लहानपणी कापूस वेचायचे, बोटं फुटायची बोंडाच्या काट्यांनी. असं म्हणून त्यांनी बोटं पुढे केली, स्वतःचीच, दाखवायला. मग चकली घेतली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना व्हिडिओ दाखवला. हळीव बघून खूश. कोर्ट बघून म्हणाले पायरी चांगली केली, चढायला सोपी आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

शुक्रवारी शाळेत नेलं, बोर्ड आख्खा मावेना म्हणून फक्त कोर्टहाऊस, त्याच्या काड्या आणि एका डब्यात माती. मनूने टीचरसमोर डब्यातल्या सुक्या ढेकळावर पाणी ओतलं आणि ते फुगून फुटायला लागलं तेव्हा म्हणे पोरं टाळ्या वाजवत होती. मेबल फ्रेमची गोष्टपण तिने सांगितली, खरी म्हणून.

आज किल्ला मोडला. महाराज परत कपाटात, कापूस कचऱ्यात, एलईडी तार ख्रिसमससाठी बाजूला. दोन बादल्या माती उरली, गवत-वाळू मिसळलेली. मित्राला विचारलं परत आणून देऊ का, तर म्हणाला ठेव बे, माझ्या घराखाली अजून भरपूर आहे. मग एका बादलीत बुडाला भोकं पाडली आणि मागच्या वर्षी बाबांच्या बॅगेतून चुकून राहिलेल्या, शर्टाच्या खिशात सापडलेल्या चार सरक्या त्यात खोचल्या. ऑक्टोबरात कोण लावतं, येणार नाहीत. पाणी घातलं.